नुसतं शेजारी बसा

पडेगावातल्या तुपे यांच्या घरात त्या गुरुवारी सकाळीही तोच वाद झाला. वाद कसला, एकटा बद्रीनाथच बोलत होता. समोर बसलेली सोळा वर्षांची अपेक्षा पोळीचा एकच तुकडा ताटभर फिरवत होती.

"खाणार हायेस का नाय?"

"भूक नाही, पप्पा."

"रोजचंच झालंय हे! अगं, गुडघा दुखावलाय, जगबुडी नाय झाली. आता ही नाटकं बंद कर."

"अहो, राहू द्या ना," द्वारका हळूच म्हणाली. अपेक्षा उठली आणि आपल्या खोलीत गेली. बद्रीनाथनं डबा उचलला आणि तो कामावर निघून गेला.

बद्रीनाथ वाईट माणूस नव्हता. लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातून तो शहरात आला आणि गेली बावीस वर्षं वीज कंपनीत वायरमन म्हणून राबत होता. एकुलत्या एका लेकीवर त्याचा लई जीव! अपेक्षा खो-खो खेळायची. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. "बाप खांबावर, लेक खांबाखाली," असं तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. पण महिन्याभरापूर्वी सराव करताना तिचा गुडघा पिरगळला, लिगामेंट तुटलं, आणि डॉक्टरांनी वर्षभर मैदान बंद केलं. ज्या संघासाठी ती चार वर्षं झिजली, तो संघ तिच्याविना राज्य स्पर्धेच्या तयारीला लागला. तेव्हापासून पोरगी मिटत चालली होती. बापाला ते दिसत होतं, पण त्याच्या लेखी तो हट्ट होता, आळस होता, मोबाईलचा परिणाम होता. तुमच्या-आमच्या घरात तरी यापेक्षा वेगळं काय म्हणतात?

दुपारी दोनच्या सुमाराला छावणीच्या सबस्टेशनवर, बद्रीनाथच्या कामाच्या जागी, एक मुलगी सायकल टाकून धावतच आत आली. ती सावनी होती, अपेक्षाची वर्गमैत्रीण. राहायला छावणीतच. तिला धाप लागली होती.

"काका, तुम्ही घरी चला. आत्ता!"

"का गं, काय झालं?"

"अपेक्षानं काल तिचे बूट, पदकं, सगळं धाकट्या टीममधल्या मुलींना वाटून टाकलं. म्हणाली, मला आता काहीच लागणार नाही. आणि मघाशी हा मेसेज आला."

तिनं फोन पुढं धरला. *माझ्यामुळं सगळ्यांनाच त्रास होतो. मी नसले तर बरं. तू छान रहा. कुणाला सांगू नकोस, तुला माझी शपथ.*

"मी शपथ मोडली, काका," सावनी रडवेली होऊन म्हणाली. "फोन लावतेय, तर ती उचलत नाहीये."

बद्रीनाथनं मेसेज दोनदा वाचला. खरं सांगायचं तर त्याच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो असा, "हे अजून कुणाला दाखवलंस का?"

"आमच्या कॉलेजच्या समुपदेशक आहेत ना, भानुमती बाई, त्यांना फोन केला. त्या तुमच्या घरी यायला निघाल्यात. म्हणाल्या, तिला एक मिनिटही एकटं ठेवू नका."

एकटं! द्वारका तर भाच्याच्या बारशासाठी कापड आणायला गुलमंडीच्या बाजारात गेली होती. घरात अपेक्षाशिवाय कुणीच नव्हतं. बद्रीनाथनं लेकीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत तेच.

त्यानं मोटारसायकल काढली, सावनी मागं बसली. पण गुरुवार म्हणजे छावणीचा बाजार! शेळ्या घेऊन निघालेली माणसं, भाजीच्या टोपल्या, टेम्पो, रिक्षा, सगळा रस्ता तुंबलेला. "भाई, जरा बाजू हो! अरे हटो ना!" बद्रीनाथ ओरडत होता, हॉर्न दाबत होता, पण चाक वीतभर पुढं सरकत नव्हतं.

"काका, शेजारी कुणाला तरी फोन करा. निदान दार तरी वाजवतील."

शेजारी लक्ष्मीबाई होत्या. भिंतीला भिंत लागून घर. त्यांचा नंबर बद्रीनाथनं काढलाही, पण अंगठा तिथंच थांबला. लक्ष्मीबाईंना कळलं म्हणजे गल्लीला कळलं. गल्लीला कळलं म्हणजे गावाकडं कळलं. उद्या पोरीचं लग्न जमवायची वेळ आली तर लोक म्हणतील, हिच्या डोक्यात...

"काका! फोन करा ना!"

ती दोन मिनिटं! आपण त्या दोन मिनिटांत लेकीपेक्षा लोकांचा विचार केला, ही गोष्ट बद्रीनाथला पुढं जन्मभर टोचत राहणार होती. शेवटी त्यानं बटण दाबलं.

"लक्ष्मीमावशी, आमच्या घरी जा. दार वाजवा. अपेक्षा एकटी हाय... तिचं मन बरं नाय. मी येईस्तोवर तिला सोडू नका."

"जाते," एवढंच म्हणून लक्ष्मीबाईंनी फोन ठेवला.

गर्दीतून बाहेर पडून घर गाठेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत बद्रीनाथला एक संध्याकाळ सारखी आठवत होती. तो टीव्ही बघत असताना अपेक्षा शेजारी येऊन बसली होती. "पप्पा, मला कसंतरीच होतंय," असं म्हणाली होती. आणि तो काय म्हणाला होता? मोबाईल कमी बघ, सगळं नीट होईल. नजरसुद्धा टीव्हीवरून हलवली नव्हती त्यानं.

गाडी स्टँडवर न लावताच तो आत धावला. घराचं दार उघडं होतं.

ओसरीवर लक्ष्मीबाई मेथीची जुडी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, डोळे सुजलेली, केस विस्कटलेली अपेक्षा एकेक पान खुडत होती. पोरगी जिवंत होती, धडधाकट होती! बद्रीनाथनं दाराची चौकट धरली.

लक्ष्मीबाईंनी वर पाहिलं. काही विचारलं नाही, काही सुचवलं नाही. "पाणी प्या आधी," एवढंच त्या म्हणाल्या.

पण भीती ओसरली की माणसाचा राग वर येतो. बद्रीनाथचंही तसंच झालं. "काय लावलंय हे तू? आमचा जीव गेला असता! असा मेसेज करतं का कुणी?" अपेक्षानं अंग चोरलं. तिनं सावनीकडं पाहिलं. "तू सांगितलंस? तुला शपथ घातली होती ना मी!"

"घातली होतीस," सावनी तिच्याजवळ जाऊन बसली. "तू बोलू नकोस माझ्याशी. वर्षभर बोलू नकोस. मला चालेल. पण तू असायला पाहिजेस."

बद्रीनाथला ते ऐकवेना. "झालं ते झालं. आता हा विषय इथंच संपला. बाहेर कुणाला बोलायचं नाय. चार दिवस गावाकडं नेऊन आणतो, म्हणजे होईल ठीक."

"विषय संपलेला नाही, तुपे."

दारात रिक्षातून उतरलेल्या भानुमती बाई उभ्या होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, बारीक अंगाच्या, खांद्यावर कापडी पिशवी. आत येऊन त्या सरळ अपेक्षासमोर खालीच बसल्या. तिचा हात हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "अपेक्षा, जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का गं?"

"बाई!" बद्रीनाथ ओरडलाच. "असलं काय विचारता पोरीला? नाय ते डोक्यात भरवाल तिच्या!"

"विचारल्यानं तो विचार येत नाही, तुपे. आलेला असेल तर बोलायला वाट मिळते. न विचारल्यानं मूल त्या विचाराबरोबर एकटं पडतं. तिला उत्तर देऊ द्या."

अपेक्षानं मान खाली घातली. आणि मग, कुणालाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "येतं. तीन आठवडे झाले. रोज येतं."

बद्रीनाथ लेकीसमोर खाली बसला. तीन आठवडे! एकाच छताखाली, एकाच ताटाशी बसून आपलं लेकरू मरणाचा विचार करत होतं आणि आपण त्याला नाटक म्हणत होतो!

"मरायचंय असं नाही हो बाई," अपेक्षा हुंदके देत बोलू लागली. "फक्त हे सगळं थांबावं असं वाटतं. छातीत दगड ठेवल्यासारखं होतं. आणि कुणाला सांगायचं तर सगळे म्हणतात, एवढंसं कारण."

बाईंनी तिला बोलू दिलं, रडू दिलं. मध्येच द्वारका कापडाच्या पिशव्या घेऊन आली. लक्ष्मीबाईंनी तिला आत नेऊन सगळं सांगितलं. बाहेर आली ती लेकीला मिठी मारूनच बसली. मग बाई बद्रीनाथकडं वळल्या.

"आज संध्याकाळीच मानसोपचार तज्ज्ञांकडं जायचं. मी वेळ घेतली आहे. त्या आधी घरात एक काम करायचं आहे."

"डॉक्टर कशाला, बाई? लोकांना कळलं तर? पोरीवर शिक्का बसंल."

"तुपे, तुमचं काम काय?"

"वायरमन हाय मी."

"लाईनवर बिघाड झाला, तर खांबावर चढण्याआधी तुम्ही काय करता?"

"आधी लाईन बंद. बंद हाय का नाय ते तपासायचं. मग अर्थिंग, म्हणजे तार जमिनीला जोडायची. आणि खाली एक माणूस उभा पाहिजे. एकट्यानं चढायचंच नाय."

"आणि समजा कुणी म्हणालं, मी लई धीट आहे, मला हे काही लागत नाही?"

"तो मरंल, बाई," बद्रीनाथ पटकन म्हणाला, आणि त्याची नजर लेकीकडं गेली.

"धीट माणसालाही नियम लागतो ना? मग सोळा वर्षांच्या मुलीला का लागू नये? तुम्ही तो नियम ठरवताना लाजता का? अंधारात, वादळात सुचणार नाही म्हणून तो आधीच ठरवून ठेवता. मनाचंही असंच आहे. लाट येते तेव्हा डोकं चालत नाही. तेव्हा काय करायचं, कुणाला हाक मारायची, ते शांत असताना लिहून ठेवायचं. आणि ते तिचं तिनं लिहायचं, आपण नाही."

बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला. अपेक्षानं पेन धरलं. "ते येणार हे आधी कशावरून कळतं तुला?" बाईंनी विचारलं. जरा विचार करून तिनं लिहिलं: दुपारी तीन ते पाच, सरावाच्या वेळेला. टीमचे फोटो परत परत बघायला लागले की. जेवण नकोसं झालं की. मग अशा वेळी एकटीनं काय करून बघायचं तेही तिनं लिहिलं. गार पाण्यानं तोंड धुणं, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालणं, फोन आईजवळ देणं, गुडघ्याचे व्यायाम. तेवढ्यानं भागलं नाही तर सावनीकडं जायचं. आणि तरीही लाट उतरली नाही, तर ज्यांना खरं काय ते सांगता येईल अशी मोठी माणसं.

तिनं लिहिलं: आई. लासूरचे मामा. भानुमती बाई. जरा थांबून, लक्ष्मीमावशी. खाली बाईंनी सांगितलेला टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर, १४४१६. "हा सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो," बाई म्हणाल्या. "आणि यातलं काहीच पुरेना, तर सरळ दवाखाना गाठायचा. तेही लिही."

बद्रीनाथ समोरून उलटी अक्षरं वाचत होता. यादी संपली. त्याचं नाव तिच्यात नव्हतं.

"अपू," त्यानं कागदावर बोट ठेवलं, "माझं नाव?"

अपेक्षानं वर पाहिलं नाही. "तुम्हाला सांगितलं की तुम्ही म्हणता, नाटकं."

बाईंनी तिला समजावलं नाही, बापालाही सावरलं नाही. बद्रीनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लग्नानंतर द्वारकानं त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"चुकलो मी," तो म्हणाला. "नको लिहूस माझं नाव. पण एवढं सांग, मी काय केलं तर लिहिशील?"

अपेक्षा म्हणाली, "काही करू नका. उपाय सांगू नका. लक्ष्मीमावशी बसल्या तसं नुसतं शेजारी बसा."

"कागद झाला. आता तुमचं काम," बाई बद्रीनाथला म्हणाल्या. "घरात जे जे धोक्याचं आहे ते आजच्या आज हलवायचं."

बद्रीनाथ उठला. गावी न्यायला आणलेलं फवारणीचं औषध त्यानं त्याच पावली दुकानदाराला परत केलं. घरातल्या गोळ्यांचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला आणि किल्ली द्वारकाच्या कमरेला लावली. अपेक्षाच्या खोलीची आतली कडी तिला विचारून काढली. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काढा. पण दार वाजवून आत यायचं." "व्हय, वाजवून येऊ," त्यानं कबूल केलं. लाईन बंद करताना कसा एकेक खटका तपासतो, तसं त्यानं सगळं घर तपासलं. आणि संध्याकाळी तिघंही डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी कागद वाचला, दोन गोष्टी आणखी विचारल्या, औषध सुरू केलं आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. "हे दुखणं आहे, गुडघ्यासारखंच. बरं होतं," ते म्हणाले, तेव्हा अपेक्षानं पहिल्यांदा मान वर केली.

एका दिवसात सगळं छान झालं असं मी सांगणार नाही, कारण तसं होत नसतं. मधल्या दिवसांत दोनदा लाट आली. एकदा द्वारकानं निभावली, एकदा मामा लासूरहून धावत आला. बद्रीनाथ रोज संध्याकाळी लेकीच्या शेजारी जाऊन बसायचा आणि जीभ दाताखाली धरून गप्प राहायचा. त्याच्यासारख्या माणसाला ते खांबावर चढण्यापेक्षा अवघड होतं! दहाव्या दिवशी अपेक्षानं कागद मागून घेतला, यादीत एक ओळ वाढवली आणि तो बद्रीनाथच्या हातात दिला.

त्यानंतर आठच दिवसांनी राज्य स्पर्धेचा अंतिम सामना होता. त्या दुपारी बद्रीनाथ छावणीत एका खांबावर चढायच्या तयारीत होता. पट्टा बांधून झाला होता. खाली त्याचा जोडीदार सांडू उभा होता. एवढ्यात फोन वाजला.

"पप्पा," पलीकडून अपेक्षा म्हणाली. "ते आलंय. लई जोरात आलंय. पाणी घालून झालं, सगळं करून झालं. आई दुकानात गेलीय, फोन उचलत नाहीये."

या वेळी काय करायचं ते बद्रीनाथला ठाऊक होतं. "बरं केलंस फोन केलास. ठेवू नकोस. मी येतोय. तोवर लक्ष्मीमावशींकडं जाऊन बस. जाताना माझ्याशी बोलत राहा."

त्यानं पट्टा सोडला. सांडू बघतच राहिला. "क्या हुआ, तुपे? लाईन बंद करून ठेवलीय, लोक बोंबलतील!"

तीन आठवड्यांपूर्वीचा बद्रीनाथ म्हणाला असता, घरी पाहुणे आलेत. आजचा बद्रीनाथ सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या लेकीचं मन आजारी हाय, सांडू. तिला जीव नकोसा वाटतोय. मला आत्ता तिच्यापाशी असलं पाहिजे. दुसऱ्या माणसाला बोलाव आणि खांबावर एकटा चढू नकोस."

सांडूनं आपल्या गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली.

फोन रुमालानं कानाला बांधूनच बद्रीनाथ घरी पोचला. आणि मग तो बसला. अपेक्षा रडत होती, तो बसला होता. ती म्हणाली, "माझ्या जागी दुसरी खेळतेय, पप्पा," आणि त्याच्या तोंडाशी आलं होतं की, पुढच्या वर्षी तू खेळशील. त्यानं ते गिळलं. "लई दुखतंय ना," एवढंच तो म्हणाला. तास गेला, सव्वा तास गेला. तिचा श्वास हळूहळू संथ झाला. तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. "गेलं," ती म्हणाली. "आज जरा लवकर गेलं." तरीही बद्रीनाथनं बाईंना फोन केला आणि संध्याकाळी डॉक्टरांची भेट ठरवली.

पुढच्या महिन्यात कॉलेजात पालकांची बैठक झाली. भानुमती बाईंनी मनाच्या आजाराचा विषय काढताच सगळे पालक खाली बघू लागले. कुणी फोन चाळू लागलं, कुणी घड्याळ बघू लागलं. तेव्हा मागच्या रांगेतून बद्रीनाथ तुपे उठून उभा राहिला. आदल्या दिवशी त्यानं अपेक्षाला विचारलं होतं. "नाव घ्या माझं," ती म्हणाली होती. "फक्त रडू नका."

"माझ्या पोरीनं मला तीन आठवडे सांगायचा प्रयत्न केला," तो म्हणाला. "मी टीव्ही बघत होतो. तिच्या मैत्रिणीनं शपथ मोडली, शेजारणीनं दार वाजवलं, म्हणून आज ती हाय. तुमच्या घरात कुणी गप्प झालं असंल तर आज जाऊन विचारा. भीती वाटंल, तरी विचारा. आणि जे उत्तर येईल ते ऐकून घ्या." तो रडलाच. पण त्याचं कुणाला हसू आलं नाही. बैठक संपल्यावर सात-आठ आईवडील बाईंच्या टेबलाभोवती कोरे कागद मागत उभे होते.

वाचकहो, आपण घरात गॅसची नळी तपासतो, गाडीचा विमा काढतो, पावसाळ्याआधी पत्रे बघून घेतो. मग आपल्या वयात येणाऱ्या मुलांच्या मनावर वादळ आलं तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवायला आपल्याला लाज का वाटावी? मैत्रीची शपथ जिवापेक्षा मोठी नसते. घराण्याची अब्रू लेकराच्या श्वासापेक्षा मोठी नसते. मूल "कसंतरीच होतंय" म्हणालं, तर त्याला नाटक म्हणू नका. टीव्ही बंद करा, सरळ विचारा, मदत बोलवा, त्याला एकटं सोडू नका. आणि काय बोलावं हे सुचलंच नाही, तर काही बोलू नका. नुसतं शेजारी बसा!